‘कसा वाटला?’ : ऐतिहासिक चित्रपट आणि भुईगावचा प्रेक्षक

१/
ऐतिहासिक चित्रपट पाहून आलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कसा वाटला?’ हाच. उत्तर बहुधा दोन-तीन शब्दांचे असते. ‘अंगावर काटा आला.’ ‘पैसे वसूल.’ ‘शेवट रडवणारा, पण गाणी उगाच घातली.’ वसईच्या पश्चिमेला समुद्रालगत वसलेल्या भुईगावातही याहून वेगळी उत्तरे मिळत नाहीत. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात, वाडीच्या बांधावर, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चित्रपटांचा निकाल असाच लागतो. या धाग्याचा विषय म्हणजे ही सहज दिलेली मतेच होत.

२/
इतिहासाच्या अभ्यासकांना अशा मतांची फारशी किंमत वाटत नाही. ती वाटायला हवी. कागदपत्रांतला इतिहास बहुसंख्य लोकांपर्यंत थेट पोहोचत नाही. कागदावरून इतिहासकार लिहितो, त्यावरून कादंबरीकार, कादंबरीवरून पटकथा होते, पटकथेवरून दृश्य. आणि दृश्यावरून प्रेक्षक आपले मत बनवतो. लोकांच्या मनात घर करून राहतो तो हा शेवटचा टप्पा. म्हणून ‘कसा वाटला?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस, त्याच्या नकळत का होईना, इतिहास पुढे पोहोचवण्याच्या कामात सामील झालेला असतो.

३/
मधल्या टप्प्यांचा विसर किती सहज पडतो, याची उदाहरणे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. संजय लीला भन्साळी यांच्या ‘बाजीराव मस्तानी’चा (२०१५) आधार ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’, तर लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’चा (२०२५) आधार शिवाजी सावंत यांची त्याच नावाची कादंबरी. जवळपास शंभर वर्षे मराठेशाहीचे मोठे चित्रपट कादंबऱ्यांच्या खांद्यावर उभे राहिले आहेत. कादंबरी हे इतिहासाविषयीचे एका लेखकाचे मत असते. चित्रपट हे त्या मतावरचे दुसरे मत. प्रेक्षक मात्र बाहेर येऊन म्हणतो, ‘असे झाले होते तर!’

४/
‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. झलक आली तेव्हाच महाराजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप घेतला गेला आणि ते दृश्य वगळण्यात आले. प्रदर्शनानंतर गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. मार्चमध्ये मध्य प्रदेशात असीरगडाच्या परिसरातील शेतांत मोगली सोन्याच्या शोधात लोक रात्रीच्या वेळी खोदकाम करू लागले. त्यांच्या मनात चित्रपटातले बुऱ्हाणपूर होते. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून तापलेल्या वातावरणात, १७ मार्च रोजी, नागपुरात हिंसाचार झाला. या चित्रपटामुळे लोकांच्या भावना पुन्हा जाग्या झाल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत म्हटले.

५/
यावर ठरलेले उत्तर असे : दोष चित्रपटाचा नाही, चित्रपट हा चित्रपट म्हणून पाहावा. या उत्तरात निम्मे तथ्य आहे. कलावंताला कल्पनेचा अधिकार आहे आणि तो असायलाच हवा. प्रत्येक प्रसंगाला अस्सल पत्राचा पुरावा मागितला तर ऐतिहासिक कलाकृतीच उरणार नाही. पण हे उत्तर देणारा प्रेक्षक पुढच्याच वाक्यात ‘अखेर खरा इतिहास दाखवला’ असेही म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येत नाहीत. चूक दाखवली की ‘करमणूक’ आणि टाळ्या मिळाल्या की ‘इतिहास’, अशी सोयीची वाटणी मराठी प्रेक्षकाने स्वीकारली आहे. निर्मात्यांनाही ती मानवली आहे.

६/
दुसऱ्या बाजूला चुका मोजणारा अभ्यासू प्रेक्षक असतो. पगडी त्या काळची नाही, तलवारीची मूठ वेगळी हवी, काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचणे असंभव. ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ गाण्यावरून हा वाद बराच गाजला. ही तपासणी उपयुक्त आहे, पण ती पडद्यावर जे आहे तेवढ्यापुरती थांबते. पडद्यावर जे आलेच नाही, त्याची चूक कोण मोजणार?

७/
याच चित्रपटातले चिमाजी आप्पा पाहावेत. वैभव तत्त्ववादी यांनी साकारलेले आप्पा थोरल्या भावाच्या संसाराने व्यथित झालेले, मस्तानीच्या विरोधात उभे राहिलेले कुटुंबीय आहेत. मस्तानीच्या प्रकरणात घरातून विरोध झाला, हे खरेच आहे. पण १७३७ ते १७३९ या काळात ज्या मोहिमेने आप्पांचे नाव झाले, त्या वसईच्या मोहिमेला या कथेत स्थान नाही. कथा प्रेमाची आहे, त्यामुळे दिग्दर्शकाला दोष देता येत नाही. तरीही लाखो प्रेक्षकांच्या मनात चिमाजी आप्पा म्हणजे वाड्यात कट करणारा धाकटा भाऊ, एवढेच चित्र उरले. वसईत मात्र किल्ल्याच्या वाटेवर आप्पांचे स्मारक उभे आहे.

८/
ज्यांना ही मोहीम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढची दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे होते. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभी तारापूर पडले. त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. त्यानंतर चिमाजी आप्पांनी वसईला वेढा आवळला आणि मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक या विषयात शिरू पाहणाऱ्याने अवश्य मिळवावे.

९/
आता अशी कल्पना करावी की उद्या कोणी या मोहिमेवर भव्य चित्रपट काढला. तो कसा असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. वज्रेश्वरीला नवस होईल. किल्ला हाती येत नसेल तर मलाच तोफेच्या तोंडी बांधून आत फेका, हा परंपरेने आप्पांच्या तोंडी घातलेला उद्गार मध्यंतराच्या आधी येईल. सुरुंग उडतील, बुरूज ढासळेल, भगवा चढेल. लुटीतली मोठी घंटा हत्तीवर चढवली जाईल. मेणवली, भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर येथे वसईच्या मोहिमेशी जोडल्या जाणाऱ्या पोर्तुगीज घंटा आजही आहेत, तेव्हा हे दृश्य कोणताही दिग्दर्शक सोडणार नाही. प्रेक्षक बाहेर येऊन म्हणेल, ‘अंगावर काटा आला.’

१०/
यातले काहीच खोटे ठरवायचे कारण नाही. पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली गेली, धार्मिक जाच झाला, आणि त्या जाचाने गांजलेले लोक पेशव्यांकडे गेले. अणजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी वर्षानुवर्षे केलेली खटपट नसती तर मोहीम कदाचित अशी झालीच नसती. सोयीच्या चित्रपटात सगळ्यांत आधी गळतील ती हीच माणसे. वीर पुण्याहून येतो, स्थानिक माणूस हात जोडून वाट पाहतो, ही पटकथेची सवय आहे. प्रत्यक्षात खबरी देणे, माणसे जमवणे, खाड्या-पाणथळीतल्या वाटा दाखवणे ही कामे याच भागातल्या लोकांनी केली.

११/
सुरुंगांचेही तेच होईल. वसईच्या शेवटच्या हल्ल्यात काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. एक सुरुंग उशिरा उडाला आणि तटावर चढणारे मराठेच त्यात सापडले. तरीही ते पुन्हा चढले. मराठ्यांच्या बाजूने मेलेल्या-जखमी झालेल्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. विजयाची ही किंमत सांगितली तर पराक्रम उणावत नाही, उलट तो समजतो. पण पडद्यावर सुरुंग नेहमी वेळेवर उडतात.

१२/
आणि विजयानंतरच्या दृश्याचे काय? तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिले गेले. ज्यांना जायचे होते त्यांना आठवड्याची मुदत मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. जहाजे निघून गेली. पण बहुसंख्य ख्रिस्ती कुठेच गेले नाहीत. त्यांना जायला दुसरे घर नव्हते. ते इथलेच शेतकरी, वाडीवाले, मच्छीमार होते.

१३/
भुईगावचा प्रेक्षक इथे महत्त्वाचा ठरतो. वसईच्या या पट्ट्यात सामवेदी, वाडवळ, आगरी, भंडारी, कोळी, आदिवासी असे अनेक समाज राहतात आणि त्यांत हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोलली जाते. लग्नात गाणी तिच्यात होतात, आणि मिस्सा मराठीत. याच वसईत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचले. हा सारा इतिहास मराठी मुलखाचाच आहे.

१४/
आता तो काल्पनिक चित्रपट भुईगावच्या एखाद्या ख्रिस्ती तरुणाने पाहिला असे समजावे. भगवा चढताना त्याच्याही अंगावर काटा येईल. लहानपणापासून शाळेत तोही शिवरायांचेच पाठ शिकला आहे. पुढच्या क्षणी पडद्यावर क्रूस पडेल आणि बाजूच्या खुर्च्यांतून शिटी वाजेल. तेव्हा आपण नेमके कोणत्या बाजूचे, हा प्रश्न त्याच्यापुढे अंधारात उभा राहील. सोयीच्या चित्रपटात त्याच्यासाठी जागा दोनच : परक्याचा हस्तक किंवा मुक्त झालेला बळी. अडीच शतकांहून अधिक काळ मराठी बोलत, मराठी अंमलातही आपली चर्चे राखत जगलेला शेजारी, ही तिसरी जागा त्याला कोणी देत नाही.

१५/
‘कसा वाटला?’ असे त्याला विचारले तर तो काय सांगेल? बहुधा ‘छान होता’ एवढेच. सहज मतांमधले हे सर्वांत अवघड मत. त्यात जे बोलले गेले नाही ते ऐकण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकाला हवी. शिर्क्यांच्या वंशजांना आवाज होता, म्हणून दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०१९ मध्ये ‘पानिपत’मधील सूरजमल जाटाच्या चित्रणावर राजस्थानात असाच आवाज उठला आणि चित्रपटाला कात्री लागली. ज्यांचा आवाज एवढा मोठा नाही त्यांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो. हे सोडवायला बंदी किंवा दमदाटी कामाची नाही. तिने चित्रपट भित्रे होतात, अधिक खरे होत नाहीत.

१६/
उपाय प्रेक्षकाच्या हातात आहे आणि तो साधा आहे. मत देताना एक वाक्य वाढवावे. ‘लढाई जबरदस्त घेतली आहे, पण तिथल्या गावकऱ्यांचे पुढे काय झाले ते कळले नाही.’ ‘अभिनय उत्तम, हा प्रसंग कादंबरीतला की पत्रातला, ते बघायला हवे.’ एवढ्याने कोणाची करमणूक बुडत नाही. उलट, अशी मते देणारा प्रेक्षक वाढला तर निर्मात्यालाही गंगाजी नाईक आणि उशिरा उडालेला सुरुंग दाखवण्याचा धीर येईल. प्रेक्षकाच्या मागणीकडे चित्रपटसृष्टीचे लक्ष असते, इतिहासकाराच्या टिपणाकडे नसते.

१७/
वसईच्या किल्ल्यात अधूनमधून चित्रीकरणे होतात. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६ मधील एका गाण्यातही त्याची दृश्ये जगाने पाहिली. पडकी चर्चे, वडाच्या पारंब्या, दगडी कमानी कॅमेऱ्याला आवडतात. पार्श्वभूमी म्हणून हा किल्ला अनेकदा पडद्यावर आला. तो कथा म्हणून येईल, तेव्हा भुईगावच्या त्या तरुणाला चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘छान होता’पेक्षा दोन वाक्ये अधिक बोलता यावीत. तोवर किल्ल्यात जाणाऱ्याने आप्पांच्या स्मारकाला नमस्कार करावा आणि परतीच्या वाटेवर रमेदी, पापडी किंवा सांडोरच्या चर्चपाशी घटकाभर थांबावे. १७३९ समजून घ्यायला ही दोन्ही ठिकाणे लागतात.

(धागा समाप्त)