उपहास आणि हेटाळणी

‘उपहास’ हा शब्द संस्कृतातून अनेक भारतीय भाषांत जसाच्या तसा आला आहे. त्यामुळे त्याचा अर्थही सर्वत्र सारखाच असावा, असे गृहीत धरले जाते. मराठीपुरते तरी हे गृहीत टिकणारे नाही.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा भेद दिले आहेत. त्यांतील ‘उपहसित’ म्हणजे नाक फुललेले, दृष्टी वाकडी, मान व खांदे झुकलेले असे मध्यम प्रकृतीच्या पात्राचे हसणे होय. तिरस्काराचा तेथे उच्चार नाही. पुढे ‘रघुवंशा’च्या आरंभी कालिदास आपण उपहासास पात्र होऊ, अशी शंका व्यक्त करतो, तेव्हा इतरांच्या हसण्यातील बोचणी त्या शब्दात स्पष्ट आहे. मराठीने ही बोचणी राखली. परंतु त्या शब्दाला वाङ्मयीन प्रतिष्ठाही दिली. ‘उपहासगर्भ लेखन’ ही मराठीत गुणवाचक संज्ञा आहे. हिंदीत ते स्थान ‘व्यंग्य’ या शब्दाने घेतले आहे. हरिशंकर परसाई यांचे लेखन हिंदी समीक्षा व्यंग्य म्हणूनच ओळखते. म्हणून मराठीतील ‘उपहास’ हिंदीत तसाच उतरविला, तर लेखकाची दृष्टी हरपते आणि केवळ खिल्ली शिल्लक राहते.

निव्वळ तुच्छतेसाठी मराठीजवळ ‘हेटाळणी’ हा वेगळा शब्द आहे. उपहास रूढीचा, कल्पनेचा, ढोंगाचा होऊ शकतो. हेटाळणी बहुधा माणसाची होते. ‘हेटाळणीचा सूर’ असतो. ‘हेटाळणीगर्भ’ वाङ्मय मात्र कोणी म्हणत नाही. उपहासाला हसण्यासाठी काही निकष लागतो, हेटाळणीला आपले उच्चासन पुरते.

एकोणिसाव्या शतकातील एक प्रसंग हा भेद उघड करतो. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) धोंडिबाशी संवाद योजून ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून वर्ण उत्पन्न झाल्याच्या कथेला शरीरधर्माचे साधे प्रश्न विचारले. कथा खरी मानली की ती हास्यास्पद ठरते, ही तेथील युक्ती. निकष बुद्धीचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’त फुल्यांचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या मराठीची व व्याकरणाची थट्टा केली. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेकडे बोट दाखविणे हा हेटाळणीचा मार्ग होय. फुल्यांची भाषाही अनेक ठिकाणी जातीवर कठोर प्रहार करते आणि चिपळूणकरांच्या लेखणीत खरा उपहासही आहे, हे मान्य करावेच लागेल. म्हणूनच लेखकांची नव्हे, तर त्या त्या स्थळांची पारख आवश्यक ठरते.

दोन्ही कृतींना सरसकट ‘उपहास’ म्हटल्याने समीक्षक तटस्थ दिसतो. प्रत्यक्षात तो विषमता झाकतो. ज्यांची बोली, पेहराव वा जन्म शतकानुशतके हसण्याचा विषय झाला, त्यांनी सत्तेला हसणे आणि सत्तेने त्यांना हसणे यांना एकच नाव देता येत नाही. दलित साहित्याच्या भाषेविषयीच्या चर्चेतही हाच घोटाळा पुन्हा झाला आहे.

भारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासात समान तत्सम शब्दांची यादी करणे सोपे असते. त्या शब्दाने कोण कोणाला हसतो, हे प्रत्येक भाषेत पाहणे कठीण आहे. पण शब्दाचा खरा अर्थ तेथेच राहतो.