जुनी वही फेकू नका

थिएटरात 3डी सिनेमाला मिळणारा चष्मा पुष्कळदा प्रकाशाचा पीळ ओळखतो: एका डोळ्याला उजवा, दुसऱ्याला डावा. शास्त्रातलं नाव वर्तुळाकार ध्रुवीकरण. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या जेम्स केम्प यांनी, जॉन लँडस्ट्रीट आणि सहकाऱ्यांसह, 1970 साली हाच पीळ कालेय तारकासमूहातल्या एका श्वेतबटूच्या प्रकाशात मोजला. एक ते तीन टक्के निघाला. श्वेतबटूत चुंबकत्व सापडलं ते तेव्हा पहिल्यांदा.

ताऱ्याचं नाव जीआरडब्ल्यू +70 8247. सूर्यासारख्या ताऱ्याचा ऐवज पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबलेला. चुंबकत्व सुमारे 32 कोटी गाउस. पृथ्वीच्या जेमतेम अर्ध्या गाउसवर आपली होकायंत्रं चालतात.

असा तारा फिरला की चुंबकाची दुसरी बाजू समोर येते आणि पीळ बदलतो. काही श्वेतबटू बारा मिनिटांत गिरकी घेतात. हा मात्र वर्षानुवर्षं ढिम्म. एक तर त्याच्या फिरण्याचा आस आपल्याकडेच रोखलेला असेल, नाहीतर एका फेरीला शतक, कदाचित शतकं लागत असतील.

2019 मध्ये ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीची मोजमापं जुन्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. पाहणारे दोघे: स्टेफानो बान्युलो आणि, होय, तेच लँडस्ट्रीट. फरक दिसला, पण बारीक.

खरी मेख इथे आहे. फरक ताऱ्यातला की उपकरणातला? जुना फोटोमल्टिप्लायर रुंद रंगपट्टा एकगठ्ठा मोजायचा. आजचा सीसीडी वर्णपटाचा तुकड्यातुकड्याने हिशेब देतो. तेव्हा फिल्टर कोणता होता, शून्य कसं ठरवलं, उजव्या पिळाला अधिक म्हटलं की उणे? चिन्हाचा घोळ झाला तर तारा उलटल्याचाच शोध लागायचा!

दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर जगणाऱ्या संशोधनाला ‘मागच्यासारखंच आहे’ हे उत्तर रुचत नाही. मला ते लाखमोलाचं वाटतं. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची 2 मीटरची दुर्बीण आहे. हा तारा मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो जुलैत, ऐन पावसाळ्यात. पण एप्रिलच्या पहाटे चांगला 38 अंश वर असतो. वर्षाला एक पहाट त्याच्यासाठी राखायला काय हरकत आहे?

आणि वेधशाळांनो, निवृत्त होणाऱ्या निरीक्षकाच्या वह्या रद्दीत घालू नका. स्कॅन करा. फिल्टरचं नाव पानावर लिहा. चिन्हसुद्धा.