गोळी लपवू नका, चुकवू नका

सासरी निघालेल्या मुलीच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांखाली औषधाची पाकिटे दडवलेली असतात. ‘कुणाच्या नजरेस पडू देऊ नकोस हं,’ असे आई बजावते. नव्या घरी पाहुण्यांची वर्दळ, पूजा, देवदर्शन. रात्रीची गोळी एकदा राहते, दोनदा राहते. मग दोन वर्षांत न आलेली फिट एके दिवशी स्वयंपाकघरात, पेटत्या गॅसजवळच येते. घरातली माणसे कांदा नि चप्पल हुंगवायला धावतात आणि मुलीच्या नशिबाला बोल लावतात. पण दोष नशिबाचा नसतो. चुकलेल्या गोळीचा असतो.

अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा मिरगी, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशींच्या विद्युतसंदेशांत अचानक गोंधळ उडतो आणि झटका येतो. औषध हा गोंधळ आवरते. पण त्यासाठी रक्तातले त्याचे प्रमाण टिकून राहावे लागते. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यायची.

१९१२ साली जर्मनीत फेनोबार्बिटोनचा आणि १९३८ साली अमेरिकेत फेनिटॉइनचा गुण या आजारावर सिद्ध झाला. पुढे कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट, लेव्हेटिरासिटॅम अशी औषधे आली. योग्य उपचार मिळाले तर दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात.

झटके थांबले की ‘आता बरे वाटते’ म्हणून अनेकजण औषध सोडतात. हे धोक्याचे आहे. औषध एकाएकी बंद केल्यास लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकते. साधारणपणे किमान दोन वर्षे झटका आला नाही, तरच डॉक्टर तपासणी करून मात्रा हळूहळू कमी करण्याचा विचार करतात.

स्त्रियांनी आणखी काळजी घ्यावी. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. व्हॅलप्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. म्हणून मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांना भेटावे. मात्र दिवस गेल्याचे कळताच घाबरून औषध परस्पर बंद करू नये.

झटका आलाच तर रुग्णाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, तर त्वरित रुग्णालय गाठा.

हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला अडसर मानला जाई. १९९९ साली तो शब्द कायद्यातून वगळण्यात आला. आता तो घराघरांतल्या मनांतूनही जायला हवा. लग्नाची बोलणी होतानाच आजाराची कल्पना मोकळेपणाने दिली, तर गोळ्यांचे पाकीट साडीखाली दडवावे लागणार नाही. ते जेवणाच्या टेबलावर राहील, आणि एखाद्या रात्री सून विसरलीच, तर ‘गोळी घेतलीस का?’ असे सासूच विचारील.