बोर्डाला 5 टक्के, टीव्ही युनिटला 18!

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि दुकानात पाय ठेवताच गिऱ्हाईक विचारू लागलं, "सोफा कितीनं उतरला?" काय सांगणार? हॉलमधला एसी आणि 32 इंचांवरचा टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले. लाकडी सोफा, प्लाय आणि भिंतीचा रंग मात्र 18 वर होते, तिथेच राहिले. पाहुण्याला बसायला जागा नसली तरी चालेल, टीव्ही मोठा हवा, असंच जीएसटी परिषदेचं मत दिसतं.

पूर्णपणे बांबूचं वा वेताचं फर्निचर तेवढं 12 वरून 5 वर आलं. त्याला आमची हरकत नाही. पऱ्हाटी, उसाचा बगॅस, इतर पीक-अवशेष यांपासून केलेलं बोर्डही 12 वरून 5 वर आणलं, तेही उत्तम. पण त्याच बोर्डाचं टीव्ही युनिट करून विकलं, की मजुरीसकट पूर्ण किमतीवर 18 टक्के! बांबूची खुर्ची झाली तरी सवलत टिकते. पऱ्हाटीच्या बोर्डाला करवत लागली की संपते. हा कुठला न्याय? आपल्या अंबड तालुक्यात कपाशी आहे, अंकुशनगरला साखर कारखाना आहे. तरी वेचणी संपली की पऱ्हाटी बांधावर पेटते आणि बोर्ड आपण परगावाहून मागवतो.

नोंदणी नसलेल्या मिस्त्रीची तर दुहेरी कोंडी. प्लायवर तो 18 टक्के भरतो, त्याचं क्रेडिट त्याला मिळत नाही, आणि वर गिऱ्हाईक ऐकवतं, "तुम्ही जीएसटी लावत नाही, मग भाव एवढा का?" जीएसटी कार्यालयात विचारावं तर ठरलेलं उत्तर: दर वरून येतात.

पण सगळंच वर ढकलून कसं चालेल? मोबाईलवरच्या फोटोतला राखाडी एल-सोफा दहा बाय बाराच्या हॉलमध्ये कोंबणारे आपणच. पश्चिमेच्या खिडकीसमोर मरून कापड लावून ते उन्हात विटवणारे आपणच. आपल्याकडच्या धुळीत धुता येणारं इमल्शन सोडून स्वस्त डिस्टेंपर मारणारेही आपणच. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 2017 पासून 90 पीपीएम आहे. डब्यावर ते किती जण वाचतात? आणि बोर्ड स्क्रू धरत नाही म्हणून बोंब मारणाऱ्यांनी बिजागरीच्या बाजूला सागाची लिपिंग घातली होती का? कडा बंद केल्या होत्या का? खालची फळी पुसण्याच्या पाण्यापासून वर उचलली होती का?

आता कामाचं. जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. महाराष्ट्राच्या मंत्र्यांपुढे आपली मागणी एकच: पीक-अवशेषांच्या बोर्डाच्या फर्निचरला बांबूइतकाच दर. बोर्डखरेदीचं 5 टक्क्यांचं आणि त्यातूनच केलेल्या मालाच्या विक्रीचं 18 टक्क्यांचं, अशा दोन्ही बिलांच्या झेरॉक्स महिनाअखेरीपर्यंत आमच्याकडे पाठवा. कच्च्या बिलावर माल उचलणाऱ्यांनी आजपासून पक्कं बिल मागावं. हातात कागद नसेल, तर मुंबईत आपलं ऐकणार कोण?