पन्हाळ्यावरचा परदेशी पाहुणा

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात पन्हाळाही आहे. परदेशी पर्यटक वाढतील, चार पैसे गडावर येतील, अशी चर्चा तेव्हापासून सुरू आहे. आलेला पाहुणा सुखरूप परत कसा जाईल, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे पडला आहे.

परदेशी पर्यटकाची सुरक्षितता म्हटली की पाकीटमारी, फसवणूक आणि छेडछाड डोळ्यांसमोर येते. ही भीती निराधार नाही. एकट्याने फिरणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर मुळीच नाही. परंतु परमुलखात माणसाचा घात अनेकदा रस्ताच करतो. परदेशी जाणाऱ्या निरोगी अमेरिकी नागरिकांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण वाहन अपघात असल्याचे तेथील आरोग्य यंत्रणाच सांगते. पन्हाळ्याला हे अधिकच लागू पडते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. पावसाळ्यात धुके इतके दाट उतरते की सज्जा कोठीजवळ किंवा पुसाटी बुरुजावर दरीची कड कोठे सुरू होते, हे नवख्याला उमगत नाही. आपल्याकडच्या माणसाला दुकानदार हटकतो, ‘तिकडं जाऊ नका’ म्हणतो. मराठी न कळणाऱ्या माणसाने ते कसे समजावे? मसाई पठारावरून पावनखिंडीकडे जाणाऱ्या भर पावसातल्या पायवाटेवर तर वाटाड्याविना परदेशी माणसाने पाऊल टाकू नये.

मदतीची साधने नाहीत असे नाही. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. केंद्रीय पर्यटन खात्याच्या १३६३ या दूरध्वनी सेवेवर इंग्रजी-हिंदीबरोबरच जपानी, फ्रेंच, जर्मन अशा एकूण १२ भाषांची सोय २०१६ पासून करण्यात आली. प्रवेशद्वाराशी आणि प्रत्येक निवासाच्या खोलीत हे तीन आकडे ठळकपणे लावण्यास कितीसा खर्च येणार?

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ या नावाने ती परिचित आहे. अनेकांना ती पोलिसी कटकट वाटते. परंतु पाहुणा बेपत्ता झाला किंवा जखमी होऊन बेशुद्ध पडला, तर तो कोण, कोणत्या देशाचा आणि कोणत्या दूतावासाला कळवायचे, याचा पहिला धागा त्या नोंदीतच सापडतो. परदेशी नागरिकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवणे १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार सरकारवर बंधनकारक आहे.

जबाबदारी यजमानाचीच, असे मात्र नव्हे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. व्यापारासाठी आलेल्या परदेशी माणसाने यजमानाच्या मुलखातील युद्धात हात घातला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि त्याला सहकाऱ्यांसह कैदेत जावे लागले. स्थानिक मोर्चे आणि वादांपासून दूर राहा, असे आजची परराष्ट्र खाती प्रवाशांना बजावतात, ते उगाच नव्हे.

कोल्हापूर, पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत आता परदेशी सून, जावई वा कार्यालयातील सहकारी पाहुणा म्हणून येतो आणि त्याला पन्हाळा दाखवायला नेले जाते. आपण युरोपला निघालो की शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. भारताच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही. तेव्हा गडाची गाडी ठरवण्याआधी पाहुण्याकडे विमा आहे का, रक्तगट कोणता आणि घरचा संपर्क क्रमांक काय, हे विचारून घेण्यात संकोच कसला? गडावर काही अघटित घडलेच, तर मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे कोल्हापूरचे सीपीआर, आणि ते सुमारे २० किलोमीटरवर, घाट उतरून.