सपाट पाऊल

लहानपणी दिवाळीत आई उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले उमटवीत असे. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मुठीची करंगळीकडची बाजू बुडवायची, फरशीवर टेकवायची आणि वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे. मध्ये कशी नाजूक, वळणदार कमान! एकदा आंघोळ उरकून मी ओल्या पायांनी त्या रांगेशेजारून गेलो. शहाबादी फरशीवरचे माझे ठसे पाहून आई म्हणाली, "अरे, हे पाऊल की थापलेली भाकरी?"

त्या भाकरीवर मी चाळिशी ओलांडली. पण मास्तरकी हा उभ्याने करायचा धंदा. चार तास व्याकरण शिकवून घरी आलो, की घोट्याची आतली बाजू ठणकू लागे. "वजन उतरवा," असा सौभाग्यवतींचा सल्ला. (तो अगदीच चुकीचा होता असे नाही.) शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी माझे बूट उलटे करून पाहिले. टाचा आतल्या बाजूने झिजल्या होत्या. पाऊल आत कलंडते, त्यामुळे कमान तोलणारी पोटरीतली दोरी दिवसभर ताणली जाते, असे त्यांनी समजावले आणि बुटात घालायचे तळवे लिहून दिले. दुकानदार त्यांना 'इनसोल' म्हणतो. आतल्या बाजूला उंचवटा आणि टाचेला वाटीसारखा खोलगट आधार, एवढाच त्यांचा थाट.

पहिल्या दिवशी तासभरच घालायचे, मग रोज थोडे वाढवायचे. पहिले चार दिवस बुटात लिंबू घेऊन चालतो आहे असे वाटले. महिन्याभराने एकदा तिसरा तास संपला, तरी मी खुर्ची शोधली नव्हती! मात्र चपलेत हे तळवे टिकत नाहीत आणि आपल्याकडे तर दारोदारी बूट काढावे लागतात. फराळाला पाच घरी गेलो, तर माझा आधार पाचही वेळा बाहेर, पायपुसण्यापाशी.

एवढे सांगायचे कारण माझा एक विद्यार्थी. आमचे गाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले, तरी जिभेवर अजून 'नगर'च आहे. आणि नगर म्हणजे रणगाड्यांचे, आर्मर्ड कोअर सेंटरचे गाव. पहाटे रस्त्याने भरतीची पोरे धावताना दिसतात. त्यांतलाच हा, पारनेरकडचा. एक दिवस तो वर्गाबाहेर थांबला.

"सर, तुम्ही बुटात काहीतरी घालता म्हणे. त्यानं कमान येते का? सपाट पायाला भरतीत काढून टाकतात. एक जण तीन महिन्यांत कमान आणून देतो म्हणतोय. आई शेळी विकायला निघालीय."

"तुझे पाय दुखतात?"

"छे! रोज पाच किलोमीटर पळतो."

मी त्याला माझ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याला अनवाणी उभे केले. पाऊल माझ्यासारखेच, भाकरी. "आता चवड्यांवर उभा राहा." आणि वाचकहो, माझ्या डोळ्यांदेखत त्या पावलाखाली कमान उभी राहिली!

"हे लवचीक पाऊल," डॉक्टर म्हणाले. "चवड्यांवर कमान दिसली, त्यावर पळता-उड्या मारता आले आणि दुखत नसले, तर लष्कराच्या नियमांत ते चालते. ताठर किंवा दुखरे पाऊल मात्र बाद. शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. इनसोल दुखणे कमी करतो रे, कमान घडवीत नाही."

मराठीच्या मास्तराने वैद्यकात नाक खुपसू नये. पण कुतूहलापोटी थोडे वाचले. 1989 साली अमेरिकेत वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सपाट पावलांच्या लहान मुलांना तीन वर्षे खास बूट व तळवे घालून पाहिले. त्यांची पावले सुधारली, पण काहीच न घातलेल्या मुलांचीही तितकीच! 1992 साली राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. पादत्राणे वापरणाऱ्यांत 8.6 टक्के पावले सपाट निघाली, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. तेव्हा चार वर्षांच्या बाळ्याचा ओला ठसा पाहून धावत दुकान गाठणाऱ्या आईबापांनी जरा दमाने घ्यावे. पाय दुखत असला, ताठर असला किंवा एकच सपाट असला, तर मात्र डॉक्टर गाठावा.

पोरगा अजून पहाटे धावतो आहे. भरतीची तारीख लागायची आहे, आणि शेळी गोठ्यातच आहे.