‘मला नाही जमायचं’ हे येतं कुठून?

दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील समाजमंदिरात मी टेबल-खुर्ची टाकून बसतो. गेली अठरा वर्षे हा नेम आहे. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेला असतो, कुणाला बँकेची पैसे काढायची स्लिप भरून हवी असते. मी पेशाने कारकून, त्यामुळे कागद भरण्यात हात बसलेला. लोक म्हणतात, “भाऊ आहेत म्हणून आपलं काम होतं.” ऐकून मला बरे वाटायचे. गेल्या वर्षी मात्र त्याच टेबलावर माझी चूक माझ्या लक्षात आली.

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी नेहमीप्रमाणे स्लिप घेऊन आल्या. मावशी सातवी शिकलेल्या आहेत, नातवाला धडा वाचून दाखवतात. मी सहज म्हटले, “मावशी, तारीख, खाते नंबर, रक्कम आणि सही, एवढंच तर आहे. आज तुम्हीच भरा की.” मावशींनी चटकन हात मागे घेतला. “नको भाऊ, मला नाही जमायचं.” मग हळूहळू त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी एका खिडकीवर त्यांनी स्वतः भरलेला कागद तीन वेळा परत आला. काय चुकले ते कुणी सांगितले नाही. चौथ्या खेपेला रांगेतले लोक हसले. तेव्हापासून मावशींनी पेन धरले ते फक्त सहीपुरते.

वाचकहो, मानसशास्त्रात या अवस्थेला एक नाव आहे : ‘शिकलेली असहायता’. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी केलेल्या प्रयोगांतून 1967 साली ही कल्पना पुढे आली. प्रयोग कुत्र्यांवर होते. मुक्या जिवांना असा त्रास द्यावा का, हा प्रश्न आपल्या मनात येणारच आणि तो योग्यच आहे. पण त्यातून जे कळले ते माणसाच्या कामाचे आहे.

काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले जात, पण डोक्याने एक फळी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटातील कुत्र्यांना तेवढेच धक्के, तेवढाच वेळ मिळत. पण त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर सर्वांना एका पेटीत ठेवले. मध्ये बुटका अडसर होता. त्यावरून उडी मारली की सुटका होत असे. पहिल्या गटातील कुत्रे लवकरच उडी मारायला शिकले. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्रे मात्र कुंथत जागीच पडून राहिले. वेदना दोघांनी सारखीच सोसली होती. फरक एवढाच, की ‘आपण केल्याने काही होते’ हा अनुभव एकाला मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

माणसांचेही असेच होते. 1974 साली डोनाल्ड हिरोटो यांनी विद्यार्थ्यांना कर्कश आवाज ऐकवला. ज्यांना तो बंद करता येत नव्हता, ते पुढे बंद करायची सोय असूनही फारसे धडपडले नाहीत. बाहेरून पाहणारा म्हणेल, ‘आळशी आहेत.’ आपणही घरात असेच म्हणतो. मुलाने गणिताची वही मिटली की ‘याला अक्कलच नाही’ म्हणून मोकळे होतो. त्याने आधी किती वेळा प्रयत्न केला आणि दर वेळी त्याला काय मिळाले, हे आपण विचारत नाही.

आपल्या देशातील एक प्रयोग तर प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले उच्च मानल्या गेलेल्या जातींतील, निम्मी दलित. जात उघड केली नव्हती, तेव्हा दोघांच्या कामगिरीत विशेष फरक दिसला नाही. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या स्पष्टपणे घटली. 2006 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले तशीच, बुद्धी तीच. बदलले ते भोवतालचे वातावरण. आपल्या कष्टाला इथे न्याय मिळेल का, ही शंका मनात आली की हात आखडतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिथे दार खरोखरच बंद आहे, तिथे दोष आत अडकलेल्याच्या मनाला देऊ नये. ते दार उघडण्यासाठी सर्वांनी मिळून झगडावे लागते. पण दार उघडल्यावरही माणूस उंबऱ्याशी थबकतो, तेव्हा काय करायचे?

याचे उत्तर त्याच संशोधकांनी दिले. पडून राहिलेल्या कुत्र्यांना हाका मारून, खाऊ दाखवून उपयोग झाला नाही. अखेर गळ्यात पट्टा बांधून त्यांना अडसरापलीकडे ओढून नेले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला खूप ओढावे लागले, मग कमी, आणि शेवटी ते आपणहून उडी मारू लागले. पुढे 2016 साली सेलिगमन आणि मायर यांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून आपलेच म्हणणे दुरुस्त केले. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणे ही जिवाची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे. असे शिकलेला जीव पुढच्या संकटात सहज खचत नाही.

हे वाचले आणि मी चपापलो. बारा वर्षे मी मावशींची स्लिप भरत होतो. खिडकीवरच्या माणसाने कागद परत करून जे केले, तेच मी प्रेमाने कागद भरून देऊन चालू ठेवले होते!

पुढच्या रविवारी पेन मावशींच्या हातात दिले आणि मी शेजारी बसलो. एकेक रकाना मी सांगितला, त्यांनी भरला. दोन स्लिपा फुकट गेल्या. तिसऱ्या रविवारी मी फक्त बोट ठेवले. पाचव्या रविवारी मी तोंडही उघडले नाही. मग एके दिवशी मावशी परस्पर बँकेत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, खिडकीतल्या पोरीनं नुसता शिक्का मारला. काही बोललीच नाही.” एवढेच सांगायला त्या टेबलापर्यंत आल्या होत्या.

आपल्या घरातही हे करता येईल. मुलाला दहा गणिते देण्याऐवजी त्याला सुटेल असे एक द्या, मग थोडे अवघड द्या. अडल्यास पहिली पायरी सांगा, उत्तर सांगू नका. ‘आपल्या घरात कुणालाच गणित येत नाही’ हे वाक्य तर कायमचे बंद करा. चुकले तर कुठे चुकले ते दाखवा, कारण कारण न कळलेली चूक माणसाला सर्वांत जास्त खचवते. सुनेला, आईला, म्हाताऱ्या वडिलांना ‘राहू द्या, मीच करतो’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा. आणि कुणाची उमेद आठवडेच्या आठवडे परत येत नसेल, झोप-जेवण उडाले असेल, तर उपदेश न करता डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे.

माझे टेबल आजही रविवारी लागते. फक्त आता त्यावर दोन पेने असतात, आणि माझे पेन शक्यतो खिशातच राहते.